शेवाळ नाही हो, डकवीड आहे ते

साचलेल्या पाण्यावर हिरवा थर दिसला की आपण सरळ शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण जरा वाकून त्यातली एक टिकली बोटावर घेऊन बघा, खाली केसासारखं बारीक मूळ लोंबत असेल तर ते शेवाळ नाहीये, ते डकवीड, म्हणजे चक्क फुलं येणारी वनस्पती. फुलं येतात क्वचितच, आणि इतकी बारीक की आली काय न आली काय. यांच्यातलीच वोल्फिया ही जगातली सगळ्यात छोटी फुलणारी वनस्पती, खसखशीच्या दाण्याएवढी, एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि तिला तर मूळ पण नसतं.

मला गंमत वाटते ती याची की या वनस्पतीने जवळपास सगळंच सोडून दिलंय. खोड नाही, फांद्या नाहीत, वजन पाणीच पेलतं त्यामुळे लाकूड बनवायचा खर्च नाही. वाचलेली सगळी ताकद वाढण्यात. टिकलीच्या कडेला एक छोटा खिसा असतो, त्यातून नवी टिकली बाहेर येते, काही दिवस आईला चिकटून राहते आणि मग सुटते, बियांच्या भानगडीत बहुतेक वेळा पडतच नाही. ऊन आणि उबदार पाणी मिळालं, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असला, तर दोनेक दिवसांत दुप्पट. हिशोब करा, एकीच्या 20 दिवसांत हजारावर!

आता हाच नायट्रोजन-फॉस्फरस सांडपाण्यात नको तेवढा असतो, म्हणून ते साफ करायला डकवीड वापरतात. पण एक गोष्ट लोक विसरतात, ती म्हणजे वाढलेलं डकवीड वेळच्या वेळी बाहेर काढावं लागतं, नाहीतर ते तिथेच मरून कुजतं आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात. वर दाट थर झाला की खाली उजेड जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात.

काढलेलं वाया जात नाही. वाळवलं तर त्यात 20 ते 40 टक्के प्रोटीन भरतं, पाणी कसं होतं त्यावर ठरतं, त्यामुळे मासे, बदकं, कोंबड्यांना खाद्य म्हणून चालतं. फक्त ते जड धातू पण शोषून घेतं, तेव्हा कारखान्याच्या पाण्यातलं जनावरांना घालू नये. आणि ताज्यात 90 टक्क्यांच्या वर पाणीच, म्हणजे वाळवणं हीच खरी डोकेदुखी.

असाच पाण्यावर तरंगणारा ॲझोला वेगळा बरं का, तो नेचा (फर्न) आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारे सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, म्हणून भातशेतीत तो खत म्हणून सोडतात. डकवीड पाण्यातलं खातं, हा स्वतःची सोय घेऊनच फिरतो.

थंडीत डकवीड गायब झालं तर फसू नका. त्यातल्या काही जाती स्टार्चने भरलेल्या जड कळ्या बनवतात, त्या तळाशी जाऊन बसतात आणि पाणी तापलं की परत वर.