धावणाऱ्या लेकर्सचा कणा: करीम अब्दुल-जब्बार आणि १९८५ची फायनल

२७ मे १९८५ रोजी बॉस्टन गार्डन या स्टेडियममध्ये बॉस्टन सेल्टिक्सनी लॉस एंजेलिस लेकर्सची १४८-११४ अशी धूळधाण केली. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला तो पहिलाच सामना. अमेरिकेत त्या दिवशी मेमोरियल डेची सुट्टी होती, म्हणून त्या सामन्याला तिकडे आजही ‘मेमोरियल डेचं हत्याकांड’ म्हणतात. सेल्टिक्सच्या स्कॉट वेडमनने अकरा शॉट घेतले आणि अकराही आत गेले. लेकर्सचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, करीम अब्दुल-जब्बार याचे मात्र १२ गुण आणि अवघे ३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू). समोरचा रॉबर्ट पॅरिश त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. तो रिंगकडे धावत सुटे आणि करीम मागे पडे. करीमचं वय तेव्हा ३८ होतं. एनबीएमध्ये त्या वयाचे सेंटर बहुधा निवृत्त झालेले असतात.

तेरा दिवसांनी, ९ जूनला, त्याच गार्डनमध्ये लेकर्स विजेते झाले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून करीमची निवड झाली. त्या तेरा दिवसांत जे घडलं, त्याची मुळं वीस-पंचवीस वर्षं मागे जातात.

बास्केटबॉलमध्ये उंच माणसाला आवरण्यासाठी नियम बदलण्याची परंपरा जुनी आहे. जॉर्ज मायकन १९४०च्या दशकात कॉलेजमध्ये खेळत होता. रिंगच्या तोंडाशी आलेला चेंडू तो वरच्या वर झटकून टाकायचा, म्हणून १९४४मध्ये खाली येणाऱ्या चेंडूला हात लावण्यावर बंदी आली. मायकन व्यावसायिक खेळात आला तेव्हा रिंगखालचा पट्टा, ज्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहता येत नाही, ६ फुटांवरून १२ फूट रुंद केला गेला. पुढे विल्ट चेंबरलेनमुळे तो १६ फुटांचा झाला. १९६७मध्ये पाळी आली लू अल्सिंडरची. करीमचं हे जन्मनाव. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या त्याच्या पहिल्याच हंगामात संघाने तीसपैकी तीस सामने जिंकले, आणि त्यानंतर कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं, बंदच झालं. ही बंदी १९७६पर्यंत टिकली. कारण काहीही सांगितलं गेलं तरी रोख कोणावर होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या बंदीने करीमचा खेळ घडवला, असं मला ठामपणे वाटतं. ७ फूट २ इंच उंचीच्या मुलाला चेंडू वरून कोंबता येत नसेल, तर त्याला काही तरी नाजूक शिकावंच लागतं. हुक शॉट त्याला शाळकरी वयापासून येत होता. रिंगखाली एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकत राहण्याचा जो सराव मायकनच्या नावाने ओळखला जातो, तो त्याने लहानपणी घोटला होता. प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखाली तीन वर्षांत त्याने या शॉटला धार लावली. ती तिन्ही वर्षं यूसीएलए राष्ट्रीय विजेता ठरला. पुढे मिलवॉकीच्या व्यावसायिक संघात या शॉटला ‘स्कायहुक’ हे नाव मिळालं.

स्कायहुक म्हणजे काय, हे नीट पाहायला हवं. करीम रिंगच्या डाव्या बाजूला, पाठ रिंगकडे करून उभा राहतो. पास मिळाला की मधल्या पट्ट्याकडे वळतो. डावा खांदा बचावपटूकडे, डावा हात आडवा. डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर, आणि उजवा हात सरळ आभाळाकडे. चेंडू सुटतो तो हाताच्या सर्वांत उंच बिंदूवरून, केवळ मनगटाच्या झटक्याने. बचावपटू आणि चेंडू यांच्यामध्ये करीमचं अख्खं अंग येतं, त्यामुळे चेंडूपर्यंत पोहोचायचं तर त्याच्या खांद्यावरून जावं लागतं. कुस्तीत म्हणतात, प्रत्येक डावाला तोड असते. हा एकच डाव त्याने वीस हंगाम खेळला, सगळ्यांना आधी कळायचा, आणि तरीही त्याची तोड कोणाला सापडली नाही. फार तर त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचू द्यायचा नाही, किंवा त्याला धक्के देत रिंगपासून दोन पावलं दूर ढकलायचं, एवढंच हाती उरायचं.

पण एकटा सेंटर संघाला किती पुढे नेतो? मिलवॉकीला १९७१मध्ये विजेतेपद मिळालं ते ऑस्कर रॉबर्टसनसारखा गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, सोबत आल्यावर. १९७५मध्ये करीम लेकर्सकडे गेला. पहिल्याच हंगामात तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ प्लेऑफच्याही, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेऱ्यांच्याही, बाहेर राहिला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच मान, आणि प्लेऑफमध्ये बिल वॉल्टनच्या पोर्टलंडकडून ४-० हार. ते पोर्टलंड सतत पास देत, सतत पळत खेळायचं. त्या संघाचे साहाय्यक प्रशिक्षक जॅक मॅकिनी १९७९मध्ये लेकर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी जेरी बस यांनी संघ विकत घेतला आणि नव्या खेळाडूंच्या निवडीतून (ड्राफ्ट) ६ फूट ९ इंचांचा गार्ड आला: मॅजिक जॉन्सन. मॅकिनी हंगामाच्या सुरुवातीलाच सायकल अपघातात गंभीर जखमी झाले आणि त्यांची जागा दुसऱ्याकडे गेली, पण धावण्याची शिस्त त्यांनीच रुजवली होती. या माणसाचं नाव फार कमी घेतलं जातं, याचं वाईट वाटतं.

या खेळाला लोकांनी ‘शोटाइम’ म्हटलं. रिबाउंड हाती येताच चेंडू मॅजिककडे, दोन्ही कडांनी जेम्स वर्दी आणि बायरन स्कॉट सुसाट, मॅजिकचा भलतीकडे बघत दिलेला पास, आणि समोरचा संघ परत फिरायच्या आत गुण. आठवणीत राहतं ते हेच. पण प्रतिस्पर्धी वेळेवर मागे आला की हे सगळं थांबतं, आणि प्लेऑफमध्ये तो बहुतेक वेळा येतोच. तेव्हा संथ पावलांनी मागून येणारा करीम डाव्या बाजूला जागा घ्यायचा. त्याच्यावर एकच बचावपटू ठेवला तर स्कायहुक. दोघे धावून आले तर तो मोकळ्या साथीदाराला पास द्यायचा. धावणारे लेकर्स निर्धास्त धावू शकत होते, कारण पळण्यातून काही हाती लागलं नाही तरी चेंडू वाया जाणार नव्हता. १९८४-८५च्या हंगामात या संघाचे शंभरात ५४.५ शॉट आत गेले. हा एनबीएचा विक्रम आहे आणि ३८ वर्षांचा करीम त्यात शंभरातले जवळपास ६० टाकत होता.

तरीही सेल्टिक्सची भीती होती. १९५९ ते १९८४ या काळात लेकर्सनी बॉस्टनविरुद्धच्या आठ अंतिम मालिका खेळल्या आणि आठही हरल्या. १९८४ची हार सर्वांत झोंबणारी. चौथ्या सामन्यात बॉस्टनच्या केव्हिन मॅकहेलने लेकर्सच्या धावत्या कर्ट रँबिसला गळ्याशी हात घालून आडवं पाडलं, आणि त्यानंतर लेकर्सच्या पळण्यातला मोकळेपणा गेला. पाचवा सामना वातानुकूलन नसलेल्या गार्डनमध्ये झाला. उष्मा ३६ अंशांच्या घरात. करीमचे पंचवीसपैकी सातच शॉट गेले, बाकावर त्याला प्राणवायूचा मास्क लावावा लागला. बॉस्टनच्या लॅरी बर्डने त्याच उकाड्यात ३४ गुण आणि १७ रिबाउंड केले. सातव्या सामन्यात बॉस्टन विजेते.

म्हणून १९८५च्या त्या पहिल्या सामन्यानंतर सगळ्यांना वाटलं, झालं, करीम संपला. प्रशिक्षक पॅट रायली यांनी संघाला चित्रफीत दाखवली तेव्हा करीम पुढच्या रांगेत बसला. पहिल्या सामन्याबद्दल त्याने सहकाऱ्यांची माफी मागितली. त्याआधीच्या वर्षी एप्रिलमध्ये चेंबरलेनचा ३१,४१९ गुणांचा विक्रम मोडून तो एनबीएतला सर्वाधिक गुणांचा मानकरी झाला होता. त्या उंचीवरच्या माणसाने मान खाली घालून चुका ऐकून घेणं सोपं नसतं.

३० मेच्या दुसऱ्या सामन्याला जाताना त्याने वडिलांना संघाच्या बसमधून नेण्याची परवानगी मागितली. बस फक्त संघासाठी असा नियम होता, पण रायलींनी हो म्हटलं. त्या रात्री करीमचे ३० गुण, १७ रिबाउंड, ८ असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) आणि ३ ब्लॉक (अडवलेले शॉट). लेकर्स १०९-१०२ने जिंकले. मला यातले ८ असिस्ट सर्वांत बोलके वाटतात. दोघे अंगावर येताच तो मोकळा माणूस शोधत होता, आणि १७ रिबाउंडमधून लेकर्सचं पळणं पुन्हा सुरू झालं होतं. सहाव्या सामन्यात त्याने २९ गुण केले, संघ १११-१००ने जिंकला, आणि आठ पराभवांची मालिका बॉस्टनच्याच मैदानात तुटली. मालिकेतली त्याची सरासरी होती २५.७ गुण, ९ रिबाउंड आणि ५.२ असिस्ट. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा हा मान त्याला आधी मिळाला होता तो १९७१मध्ये. मधे चौदा वर्षं गेली होती.

त्याचं शरीर इतकी वर्षं टिकलं कसं, याला त्याने स्वतः दिलेलं एक उत्तर आपल्या मातीतलं आहे: योगासनं. १९७०च्या दशकापासून तो नियमाने योग करत होता, आणि त्याआधी लॉस एंजेलिसमध्ये ब्रूस लीकडे युद्धकला शिकला होता. १९८९मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा नावावर ३८,३८७ गुण होते. तो आकडा लेब्रॉन जेम्सने फेब्रुवारी २०२३मध्ये ओलांडला.

१९८६मध्ये लेकर्स ह्यूस्टनच्या उंच, तरुण जोडीकडून हरले. त्यानंतर रायलींनी आक्रमणाची सूत्रं करीमकडून मॅजिककडे दिली. मॅजिकने तेव्हा करीमकडूनच हुक शॉट शिकून घेतला. ९ जून १९८७, पुन्हा बॉस्टन गार्डन, अंतिम मालिकेतला चौथा सामना, शेवटचे काही सेकंद आणि लेकर्स एका गुणाने मागे. करीमचा एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) नुकताच हुकला होता, पण रिबाउंड बॉस्टनच्या हातून निसटून बाहेर गेला आणि चेंडू लेकर्सना मिळाला. मॅजिक डावीकडून मधल्या पट्ट्याकडे वळला. मॅकहेल आणि पॅरिश दोघेही हात उंचावून वर आले. त्याने उजवा हात वर नेला आणि मनगटाचा झटका दिला. लेकर्स १०७, सेल्टिक्स १०६.