पाचोळ्यातल्या सापसुरळीचा माग

परवा शेजारच्या काकूंनी हाक मारून अंगणात बोलावलं. शेवग्याच्या बुंध्याशी साचलेल्या पाल्यात सापसुरळी शिरली होती आणि काकूंच्या हातात खराटा होता. "विष असतंय ओ सर हिला, सापाची मावशी आहे ती." हिला विष नसतं, ती मुख्यतः किडे खाते, हे त्यांना पटेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांच्या मुलानं मोबाईल पुढे केला. केरळच्या सहलीत अथिरापल्लीच्या धबधब्याजवळ काढलेला फोटो होता: ओल्या पानांवर बोटाएवढी, गुळगुळीत, तांबूस शेपटीची सुरळी. "सर, हीच का ही?"

ही ती नव्हे. आपल्या अंगणातलीचं शास्त्रीय नाव युट्रोपिस कॅरिनाटा, श्नायडर या जर्मन अभ्यासकानं १८०१ साली दिलेलं. तिच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभ्या रेघा असतात, त्यामुळे ऊन पडलं की अंग पितळेसारखं चकाकतं. भारतभर बांधावर, बागेत, दगडांच्या फटीत ती सापडते. फोटोतली बहुधा स्फेनोमॉर्फस डुस्सुमिएरी असावी. ही पश्चिम घाटाच्या ओल्या रानातली, पाचोळ्यातच जन्म काढणारी जात. आमच्या सोलापुरात ती का नाही, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

तिची कागदोपत्री ओळख झाली ती पॅरिसमध्ये. झाँ-झाक द्युस्युमिए हा फ्रेंच व्यापारी जहाजं घेऊन हिंदी महासागरात फिरायचा आणि जाईल तिथले मासे, सरडे, पक्षी पॅरिसच्या संग्रहालयाला द्यायचा. त्यानं नेलेल्या नमुन्यांवरून तिथल्या द्युमेरील आणि बिब्रों या अभ्यासकांनी १८३९ साली या सुरळीला त्याचं नाव दिलं. घाटातल्या उडत्या सरड्याच्या नावातही हाच द्युस्युमिए आहे. ठिकाण म्हणून नोंद झाली ती मलबार किनाऱ्याची. जहाज किनाऱ्याला लागतं, म्हणून नाव किनाऱ्याचं. जनावर मात्र रानातलं.

डोंगरातल्या सुरळ्या कळल्या त्या बेडोम यांच्यामुळे. लष्करातून मद्रासच्या वनखात्यात आलेले रिचर्ड हेन्री बेडोम १८६० ते १८८२ या काळात त्या खात्याचे प्रमुख होते. झाडांची पाहणी करता करता त्यांनी अनामलाई आणि त्रावणकोरच्या डोंगरांतून सरपटणारे प्राणी गोळा केले. १८७० साली त्यांनी वर्णन केलेल्या दोन सुरळ्या आज रिस्टेला आणि केस्टलिया या कुळांत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, मोडतात. रिस्टेलाला मांजरासारखी नखं आत ओढून घेता येतात. मला या सगळ्या इतिहासात बेडोम फार मोठे वाटतात, कारण प्राणी कुठल्या उंचीवर, कुठल्या रानात राहतो हे पाहणारा माणूस तिथं रोज चालणाराच असावा लागतो.

पुढे बुलेंजर यांनी १८९० मध्ये आणि माल्कम स्मिथ यांनी १९३५ मध्ये भारतातल्या सरड्यांची मोठी मांडणी केली, ती मुख्यतः संग्रहालयातल्या नमुन्यांवर. पाचोळ्यात वाकून पाहणं नंतर वाढलं. तिरुवनंतपुरमजवळच्या पोनमुडीत रॉबर्ट इंगर आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरचे बेडूक आणि सरडे कुठे, कशाखाली राहतात हे तपासलं. त्यांच्या १९८४ च्या अहवालातूनच युट्रोपिस क्लिविकोला ही उतारावरची सुरळी जगासमोर आली.

आता ओलीचं. दाट सदाहरित रानात जमिनीवर पानांचा थर असतो. कोकणात त्याला पातेरा म्हणतात. वरचं पान सुकं वाटतं, पण दोन पानं उचला, खाली बोटाला गारवा लागतो. कोळी, वाळवी, छोटे रातकिडे तिथंच. लहान अंगाच्या सुरळीचं पाणी झटकन उडतं, त्यामुळे तिला ती ओल सोडून लांब जाता येत नाही. अंड्यांचं तर आणखी नाजूक: मऊ कवचातून ती भोवतीचं पाणी शोषतात आणि थर कोरडा पडला की सुकतात. ऊनही लागतंच, पण झाडांतून उतरणाऱ्या कवडशाएवढं. कवडसा सरकला की यातल्या कित्येक सुरळ्या त्याच्यामागे सरकतात.

म्हणून यांचा पसारा जमिनीपेक्षा पावसावर ठरतो. पालघाटची खिंड फार तर तीस-चाळीस किलोमीटर रुंद. पण ती सखल आणि कोरडी, त्यामुळे डोंगरातल्या प्राण्यांना ती आडवी येते. केस्टलिया कुळात निलगिरीची सुरळी वेगळी, खिंडीपलीकडच्या पळणी डोंगरातली वेगळी. रिस्टेलाचं सगळ्यात जवळचं नातं श्रीलंकेच्या लंकास्किंकस कुळाशी. हिमयुगांत समुद्र खाली गेला की भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये जमीन उघडी पडायची, तरीही दोन्ही कुळं आपापल्या ओल्या डोंगरांतच राहिली. मधलं मैदान रुक्ष होतं.

आणि सोलापूर? केरळच्या घाटउतारावर वर्षाला ३००० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस पडतो. आपल्याकडे ६०० ते ७०० च्या आसपास, तोही बेभरवशाचा. सह्याद्रीनं ढग अडवले की उरलेलं आपल्या वाट्याला येतं. मे महिन्यात काळी रानं भेगाळतात, लिंबाचा पाला पापडासारखा मोडतो. त्या पाल्यात डुस्सुमिएरीचं अंडं आठवडाभरही तगणार नाही. हे उणेपण मात्र नव्हे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानाचे स्वतःचे सरडे आहेत, त्यांना सावलीची दाटी नको असते. पाचोळ्याच्या सुरळ्या बघायला केरळच गाठायला हवं असंही नाही. आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीच्या आलापल्लीचं नाव लावणारी युट्रोपिस अलापल्लेन्सिस आहे, श्मिट यांनी १९२६ साली नोंदवलेली.

अंगणातल्या सुरळीला मोठं रान लागत नाही, पण सावलीतला थोडा पाला लागतो. आमच्या गल्लीत थंडी सरताना पानं ढीग करून पेटवतात. त्या ढिगात काय काय जळतं ते मी एकदा जवळून पाहिलं आहे, पुन्हा बघवणार नाही. काकूंनी शेवग्याखालचा कोपरा झाडायचा सोडला आहे. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन तिथं पोचतं, पाला हलतो, आधी तोंड बाहेर येतं, मग पुढचे दोन पाय, आणि काकूंचा मुलगा पायरीवर बसून खवल्यांच्या रेघा मोजायला बघतो.