वाफेत टिकणारे तेल

तळहातावर मावणारे वाफेचे इंजिन सुरू केले की पहिल्या काही फेऱ्यांत त्यातून वाफेपेक्षा गरम पाण्याचे थेंबच अधिक उडतात. थंड पितळेला टेकताच वाफेचे पाणी होते आणि दट्ट्यावर साधे पातळ तेल लावले असेल, तर ते या पाण्याबरोबर धुऊन निघते. शिवणयंत्राचे तेल चाकाच्या आसासाठी उत्तम, पण सिलिंडरला ते पुरत नाही. तिथे खास ‘स्टीम ऑइल’ लागते. या घट्ट खनिज तेलात थोडी प्राणिजन्य चरबी मिसळलेली असते आणि तिचे रेणू एका टोकाने धातूला धरून राहत असल्यामुळे ओल्या पृष्ठभागावरही वंगणाचा थर टिकतो.

बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या मामॉड कंपनीच्या साध्या इंजिनांत सिलिंडरच झुलतो. त्याच्या मागच्या सपाट, घासणाऱ्या बाजूवर दर खेपेला या तेलाचा थेंब हाताने सोडावा लागतो. मोठ्या प्रतिकृतींत हे काम वाफेच्या नळीला जोडलेली तेलाची एक कुपी करते. इंग्लंडमधील रेल्वे अभियंते जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६०च्या सुमारास काढलेली ही युक्ती मला आजही विलक्षण सुंदर वाटते. नळीच्या बारीकशा छिद्रातून कुपीत शिरलेली वाफ थंड होते आणि तिचे पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी बसते. जेवढे पाणी साचते तेवढेच तेल वर सरकून त्याच छिद्रातून वाफेच्या प्रवाहात मिसळते. ना पंप, ना झडप.

बॉयलरची शिस्त याहून कडक आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने आत क्षारांचा थर धरतो, म्हणून पावसाचे गाळलेले किंवा डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि वाफेसाठी वर जागा राखून बॉयलर साधारण तीन-चतुर्थांशच भरावा. आत पाणी असेपर्यंत धातू फारसा तापत नाही, कारण वातावरणापेक्षा एक बार जास्त दाबाला, म्हणजे साधारण प्रेशर कुकरइतक्या दाबाला, पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. पाणी संपले की मात्र हा आधार जातो. बॉयलरचे सांधे जोडणारा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांनाच वितळू लागतो आणि स्पिरिटची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते. म्हणून पाणी संपण्याआधी ज्योत विझलीच पाहिजे. सुरक्षा झडप दाबापासून वाचवते, कोरड्या बॉयलरपासून नव्हे.

ज्योत विझवल्यावरची पाच मिनिटे बहुतेक जण विसरतात. बॉयलर निवताना आतल्या वाफेचे पाणी होऊन निर्वात पोकळी तयार होते आणि ती सिलिंडरमधले तेलकट पाणी उलट आत ओढते. दाब पूर्ण उतरला, पण बॉयलर अजून कोमट आहे, अशा वेळी बॉयलरमध्ये पाणी भरायच्या तोंडाचे बूच सैल करावे, म्हणजे आत हवा शिरते. मग कुपीतले पाणी पिचकारीने काढून मोजावे. जितके पाणी निघाले, तितकेच तेल त्या खेपेत इंजिनाला मिळालेले असते.