बॅट-बॉल खेळ (ब्लॉक कोडिंग)

बॅट-बॉल खेळ : ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याच्या पद्धतीत नवशिक्यांना बहुधा सुरुवातीलाच दिला जाणारा सराव. पडद्यावर फिरणारा चेंडू तळाशी आडव्या सरकणाऱ्या फळीने परतवत राहायचा, एवढाच हा खेळ. मुंबईतल्या चाळीच्या चौकात जोडीदार नसताना मूल भिंतीवर चेंडू आपटून एकटेच खेळते, त्याच्याशी याचे नाते जवळचे आहे. फक्त येथे भिंत, चेंडू आणि बाद होण्याचा नियम हे सारे खेळणाऱ्यालाच घडवावे लागते. याचा पूर्वज म्हणजे अटारी कंपनीसाठी अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी 1972 मध्ये बनवलेला ‘पाँग’ हा खेळ.

या सरावासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने विकसित करून 2007 मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘स्क्रॅच’. त्यातील आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात आणि जे ठोकळे एकमेकांत बसू शकत नाहीत ते जोडलेच जात नाहीत. त्यामुळे टंकलेखनाच्या आणि विरामचिन्हांच्या चुका उरत नाहीत. विचारांतल्या चुका मात्र जशाच्या तशा राहतात. पवईच्या आयआयटी मुंबईत शाळांसाठी तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या अभ्यासक्रमातही स्क्रॅचला स्थान आहे.

स्क्रॅचचा रंगमंच, म्हणजे खेळ दिसतो ती चौकट, 480 एकक रुंद व 360 एकक उंच असून त्याचा मध्यबिंदू शून्य धरला जातो. फळीचे काम सोपे आहे : खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबल्यावर, अखंड चालणाऱ्या आवर्तनात, तिचा क्ष-निर्देशक (आडवी जागा सांगणारी संख्या) माउसच्या क्ष-निर्देशकाइतका ठेवायचा. चेंडूला प्रत्येक आवर्तनात 10 पावले (म्हणजे 10 एकके) पुढे जाण्याची आणि कडेला लागल्यास उसळण्याची आज्ञा द्यायची. सेकंदाला सुमारे 30 आवर्तने होत असल्याने असा चेंडू मंचाची पूर्ण रुंदी साधारण 1.6 सेकंदांत ओलांडतो.

खरा कस लागतो तो फळी आणि चेंडू यांच्या भेटीत. स्क्रॅचमध्ये 0 अंश म्हणजे वर, 90 म्हणजे उजवीकडे आणि 180 म्हणजे खाली. म्हणून आडव्या पृष्ठभागावरून उसळलेल्या चेंडूची नवी दिशा 180 मधून जुनी दिशा वजा केल्यावर मिळते, म्हणजेच 135 अंशांनी उजवीकडे खाली येणारा चेंडू 45 अंशांनी वर जातो. गणित बरोबर असूनही चेंडू कधीकधी फळीवर चिकटून थरथरतो आणि गुण भराभर वाढत जातात. एका उडीत तो फळीपासून पुरता सुटलेला नसतो, त्यामुळे पुढच्या आवर्तनात स्पर्श पुन्हा नोंदला जाऊन दिशा परत खाली वळते. चेंडू खाली येत असतानाच स्पर्श मोजायचा, ही अट घातली की दोष जातो. उलट, वेग इतका वाढवला की एका आवर्तनातील उडी चेंडूचा व्यास आणि फळीची जाडी यांच्या बेरजेहून मोठी झाली, तर चेंडू फळीला न शिवताच पार निघून जाऊ शकतो.

आरशासारख्या परावर्तनाने खेळ लवकरच कंटाळवाणा होतो, कारण चेंडू त्याच त्या वाटांनी फिरतो. अल्कॉर्न यांनी फळीचे आठ भाग कल्पून प्रत्येक भागावरून चेंडू वेगळ्या कोनात परतेल अशी योजना केली होती. स्क्रॅचमध्ये हे आणखी सोपे आहे : चेंडूच्या क्ष-निर्देशकातून फळीचा वजा करून येणारी संख्याच दिशा म्हणून द्यावी. मधोमध लागलेला चेंडू सरळ वर जातो, तर उजव्या टोकाला लागलेला उजवीकडे झुकतो. हा बदल केला की नुसता चेंडू अडवणारा खेळाडू नेम धरू लागतो.

बाद ठरवण्याचा नियमही वाटतो तितका सरळ नाही. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये टप्पा पडला की नाही, यावर वाद घालून निकाल लावता येतो; संगणकाला मात्र तो नियम आधीच नेमका सांगावा लागतो. चेंडूचा मध्यबिंदू उभ्या दिशेत उणे 170 च्या खाली गेल्यास खेळ संपवावा, अशी अट अनेकजण लिहितात, पण कडेवरून उसळण्याचा ठोकळा चेंडूला मंचाच्या आतच ठेवत असल्याने चेंडू मोठा असेल तर ती अट कधीच पूर्ण होत नाही. म्हणून तळाशी लाल पट्टी काढून तिच्या रंगाला स्पर्श झाल्यावर खेळ थांबवणे अधिक भरवशाचे ठरते.

मुंबईची मुले साहजिकच फळीच्या जागी क्रिकेटची बॅट काढू पाहतात. चित्राचा पारदर्शक भाग स्पर्शात धरला जात नसल्यामुळे तिरक्या बॅटच्या भोवतालच्या मोकळ्या जागेतून चेंडू निसटतो, आणि वरचे दिशेचे सूत्रही आडव्या पृष्ठभागासाठीच असल्याने तेथे चालत नाही.