झडप उघडली की बदलली?

"काकूंचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय" एवढं घरात सगळ्यांना माहीत असतं. हृदयाची झडप (व्हॉल्व्ह) उघडली की बदलली, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पुढची वीस वर्षं कशी जाणार, ते मात्र यावरच ठरतं.

आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापामुळे बहुधा मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसते. निरोगी झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. ते दीडवर किंवा त्याखाली आलं की आजार गंभीर समजतात. जिना चढताना धाप लागते. पाकळ्या लवचीक असतील, फक्त कडा चिकटल्या असतील, तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन त्या सोडवतात. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. (अँजिओप्लास्टी वेगळी, ती रक्तवाहिनीची.) छाती उघडावी लागत नाही आणि झडप आपलीच राहते. ठोके नियमित असतील तर रक्त पातळ करायची गोळीही सहसा लागत नाही. पण झडप आपली म्हणजे तिचा आजारही आपलाच. काही वर्षांनी ती पुन्हा आकसू शकते, म्हणून बरं वाटत असलं तरी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवायचा नाही.

पाकळ्या चुन्यासारख्या कडक झाल्या असतील तर झडप बदलतात. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर जन्मभराची गोळी टळते, पण ती साधारण १० ते १५ वर्षांत झिजते, तरुणांत त्याआधीच. धातूची झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

माझ्या आईची धातूची आहे. रात्री पंखा बंद केला की टिकटिक ऐकू येते. उशाशी वही असते, तारीख आणि आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) लिहिलेली. तिला तो २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय. एका थंडीत रोज मेथी-पालक झाला आणि आकडा १.६ वर उतरला. पालेभाजीने गोळीचा असर कमी होतो. ती वर्ज्य नाही, पण आठवड्याचं प्रमाण सारखं हवं. रक्त पातळ करणाऱ्या नव्या, ही तपासणी न लागणाऱ्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत. दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. आणि सांधेताप परत येऊ नये म्हणून दिलेलं पेनिसिलिनचं इंजेक्शन, उघडली असो वा बदलली, डॉक्टर सांगतील तोवर सोडायचं नाही.

घरी डिस्चार्ज कार्ड असेल तर आजच काढून बघा. बीएमव्ही किंवा पीटीएमसी लिहिलं असेल तर उघडली, एमव्हीआर असेल तर बदलली.