नवतपा तापला म्हणजे पाऊस चांगला?

विदर्भात 25 मेच्या सुमारास दरवर्षी ऐकू येतं : नवतपा (तेव्हापासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस) कडक तापला, आता पाऊस भरपूर! जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारे येतात, हे शाळेतलं स्पष्टीकरण त्याला आधार देतं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी 1686 मध्ये मांडलेली ही कल्पना अपुरी आहे.

2015 आठवा. मे महिन्यात आंध्र-तेलंगणात उष्माघाताने शेकडो माणसं दगावली. देशात पाऊस किती पडला? सरासरीच्या 86 टक्के. प्रशांत महासागरातल्या एल निनोने, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापल्याने, घात केला, मराठवाडा होरपळला.

शिवाय जुलैत पावसाने जमीन गार होते, तरी वारे जोरातच असतात. त्यांना बळ मिळतं बाष्पातून. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता सुटते. तेवढ्यात सात लिटर साधं पाणी उकळीला येईल. ही उष्णता ढगांत, उंचावर मोकळी होते. हवा आणखी वर चढते, खाली दाब घटतो, आणि दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळून, नैऋत्येकडून आपल्याकडे येतात. विषुववृत्तालगतचा ढगांचा पट्टाच उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो, तो मान्सून, असं हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी आग्रहाने मांडलं.

म्हणून कळकळीने सांगतो, नवतप्याच्या भरवशावर पेरणी करू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल उतरेपर्यंत थांबा.