टीसीपी ते क्विक: प्रमाणके ठरवणाऱ्याला काय काय यावे लागते

गोव्यातल्या फोंड्याहून फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर पॅकेट जाऊन पोच परत यायला १५० मिलिसेकंद लागतात असे धरू. टीसीपी म्हणजे इंटरनेटवर माहिती खात्रीने पोचवणारा नियमसंच, अर्थात प्रोटोकॉल. त्याच्या १९८१च्या मूळ मांडणीत, म्हणजे आरएफसी ७९३ या क्रमांकाच्या दस्तऐवजात, विंडोचा, म्हणजे पोच येण्याआधी किती बाइट पाठवता येतील याचा, आकडा १६ बिटांचा होता. पोच येईपर्यंत ६५,५३५ बाइटांपेक्षा जास्त काही वाटेत ठेवता येत नसे. भागाकार करून पाहा. वेग सेकंदाला साडेतीन मेगाबिटांवर अडतो, दारात १०० मेगाबिटचे फायबर असले तरी. १९९२ मध्ये विंडो कित्येक पट मोठी करू देणाऱ्या विंडो स्केलिंगने ही अडचण दूर केली. क्षमता गुणिले विलंब हे गणित ज्याला तोंडपाठ नाही, त्याने प्रमाणके ठरवण्याच्या कामात पुढारपण करू नये.

पण मोठा धडा त्याआधीचा, ऑक्टोबर १९८६चा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड, तरी वेग ३२ किलोबिटांवरून थेट ४० बिटांवर कोसळला. राउटरच्या रांगेत अडकलेली पॅकेटे हरवली असे समजून यंत्रे तीच पुन्हा पाठवत होती, त्याने रांग आणखी फुगत होती. त्या प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये हळू सुरुवात आणि विलंबातल्या चढउताराचे मोजमाप हे उपाय मांडले. १९८९च्या आरएफसी ११२२ ने ते सक्तीचे केले.

तेव्हापासून नव्या पद्धतीला विचारायचा प्रश्न बदलला: ती किती वेगवान यापेक्षा, त्याच वाहिनीवरच्या शेजाऱ्याच्या वाट्याला काय उरते? हे निकष २००७च्या आरएफसी ५०३३ मध्ये लिहून ठेवले गेले.

गळतीचे कारणही ओळखता यावे लागते. आषाढातल्या पावसात सत्तरीत वायरलेस दुव्यावर पॅकेटे गळली, तर रीनो या टीसीपीच्या जुन्या कोंडी-नियंत्रण पद्धतीला ती कोंडी वाटते आणि ती विंडो निम्मी करते. तिच्यानंतरची क्युबिक पद्धत ७० टक्क्यांवर आणते. वाहिनी रिकामी आणि वेग मात्र पडलेला!

२००० साली एससीटीपी हा टीसीपीसारखाच नवा प्रोटोकॉल आला. वाटेतल्या नॅट (पत्ते बदलणारी यंत्रणा) आणि फायरवॉलना तो अनोळखी, त्यामुळे खुल्या इंटरनेटवर तो फारसा रुजला नाही. म्हणूनच २०२१चा क्विक हा प्रोटोकॉल यूडीपी या जुन्या, पोच न मागणाऱ्या साध्या प्रोटोकॉलवर बसवला आणि बहुतेक मजकूर कूटबद्ध केला. आता क्रिप्टोग्राफीही यायला हवी.

आयईटीएफ या इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या संघटनेत मतदान नसते, ढोबळ सहमती असते. तिथल्या एकेका विषयक्षेत्राची जबाबदारी असलेल्या क्षेत्र-संचालकाचा बराच वेळ इतरांचे मसुदे वाचण्यात जातो. नेहमी सापडणारी चूक: यूडीपीवरचा प्रोटोकॉल उत्तर आले नाही की ठरावीक अंतराने पुन्हा पाठवतो, दर खेपेला अंतर दुप्पट करत नाही. १९८६चीच चूक ती.

विलंब आणि गळतीने वेग कसा पडतो, हे फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही पाहता येईल. तीन लिनक्स यंत्रे घ्या आणि मधल्यावर लिनक्समधल्या नेटएम या साधनाने १५० मिलिसेकंद विलंब व १ टक्का गळती घाला. पाठवणाऱ्या यंत्रावरच नेटएम लावले, तर त्याच यंत्रातल्या टीसीपीच्या रांगा त्यात गुंततात आणि आकडे फसवे येतात.